मोठ्या प्रिंटरचे रंग कॅलिब्रेशन: फ्लेक्स आणि व्हिनाइल छापणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट मशीन चालवणाऱ्यांचे आहेत: फ्लेक्स, व्हिनाइल, कॅनव्हास, बॅकलिट, वन-वे व्हिजन. लेटेक्स आणि यूव्ही मशीनला यातले बहुतेक सगळे तसेच लागू होते. रिप सॉफ्टवेअर (फाइलचे शाईच्या थेंबांत रूपांतर करून मशीनला देणारे) ऑनिक्स असो, फोटोप्रिंट असो, काल्डेरा असो की मेनटॉप, मेनूची नावे बदलतात, कामाचा क्रम बदलत नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे आयसीसी प्रोफाइल बनवणेच ना?

नाही, आणि बहुतेक घोटाळा इथूनच सुरू होतो. कॅलिब्रेशन म्हणजे मशीनला एका ठरलेल्या स्थितीत आणणे आणि पुन्हा पुन्हा त्याच स्थितीत आणता येईल अशी सोय करणे. प्रोफाइल म्हणजे त्या स्थितीत मशीन कोणता रंग कसा छापते याची नोंद. तराजूचा काटा शून्यावर आणणे हे कॅलिब्रेशन, आणि वजन वहीत लिहिणे हे प्रोफाइल. काटा हलला असेल तर वही कितीही नीट लिहिली तरी हिशेब चुकणारच.

म्हणून इंटरनेटवरून उतरवलेले किंवा मशीनवाल्याने पेनड्राइव्हवर दिलेले प्रोफाइल आपल्या मशीनवर जसेच्या तसे चालत नाही. त्या फाइलमध्ये दुसऱ्या कुणाच्या मशीनची, शाईची, रोलची आणि पासची (एकाच जागेवरून हेड किती वेळा फिरते त्याची) नोंद असते. ते सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण रंग जुळला नाही म्हणून त्या प्रोफाइलला दोष देण्यात अर्थ नाही.

सुरुवात कुठून करायची?

मशीनपासून. संगणकाला हात लावण्याआधी एवढे बघा:

नोझल चेक काढा, म्हणजे हेडमधली शाई सोडणारी बारीक छिद्रे (नोझल) सगळी चालू आहेत का हे दाखवणारा नमुना छापा. एका रंगाच्या पाच-दहा नोझल बंद असतील तर चार्टवरचा (मोजायच्या रंगीत चौकटींच्या पानावरचा) त्या रंगाचा प्रत्येक पॅच, म्हणजे चौकट, फिका मोजला जाईल, आणि हा दोष प्रोफाइलमध्ये कायमचा जाऊन बसेल. पुढे हेड साफ झाले की तोच रंग जास्त पडायला लागतो आणि ऑपरेटर म्हणतो, "साहेब, काल तर बरोबर येत होते."

मग हेड अलाइनमेंट, बाय-डायरेक्शन (जाता-येता पडणारे थेंब जुळणे) आणि स्टेप (दर फेरीला रोल किती पुढे सरकतो ते). आडव्या पट्ट्या येत असतील तर तो रंगाचा प्रश्न नाही, स्टेपचा आहे. कॅलिब्रेशन करून त्या जात नाहीत. मात्र एक पट्टी वेगळी ओळखायला शिका. हेड डावीकडून उजवीकडे जाताना शाई एका क्रमाने पडते, परत येताना उलट क्रमाने. पिवळ्यावर मजेंटा (गडद गुलाबी) पडला आणि मजेंटावर पिवळा पडला की छटा किंचित वेगळी दिसते. गडद केशरी किंवा हिरव्या भागात एकाआड एक पट्टे दिसले तर कारण बहुधा हे असते. अशा वेळी पास वाढवा किंवा एका दिशेने छापा, आणि प्रोफाइलही त्याच सेटिंगला काढा.

कोनिकासारखी हेड असतील तर प्रत्येक हेडच्या लेबलवरचे व्होल्टेज मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर टाकले आहे का तेही तपासा. व्होल्टेज वाढले की थेंब मोठा पडतो. नवीन हेड बसवले आणि जुन्याच आकड्यावर चालू ठेवले, तर त्या रंगाचे मागचे सगळे कॅलिब्रेशन वाया गेले असे समजा.

शेवटी हीटर. ज्या तापमानाला रोज काम करता, त्याच तापमानाला चार्ट छापा. सकाळी मशीन चालू केल्या केल्या छापलेला चार्ट मोजू नका. मशीन अर्धा तास तरी चालू द्या.

इंक लिमिट किती ठेवायची?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नसतो. तो रोलवर अवलंबून असतो. साधा फ्लेक्स, जाड स्टार फ्लेक्स, गम व्हिनाइल आणि कॅनव्हास, प्रत्येकाची शाई धरून ठेवण्याची ताकद वेगळी.

आधी एकेका रंगाची मर्यादा ठरवा. रिप ० ते १०० टक्क्यांची पट्टी छापते. तिच्यात एक जागा अशी येते की तिथून पुढे शाई वाढते, पण रंग वाढत नाही. सायनच्या (आकाशी निळ्या शाईच्या) बाबतीत तर त्यापुढे रंग निळ्याकडे वळायला लागतो, मजेंटा लालीकडे झुकतो. मर्यादा तिथेच थांबवा. डोळ्याला "अजून गडद हवा" असे वाटते, पण त्या जादा शाईतून फक्त खर्च आणि ओलावा वाढतो.

मग चारही रंगांची (सायन, मजेंटा, पिवळा, काळा) मिळून एकूण मर्यादा ठरवा. चार्टवर २०० टक्क्यांपासून ४०० टक्क्यांपर्यंतच्या चौकटी असतात. शाई कुठे साचते, कडेची बारीक अक्षरे कुठे पसरतात, बोट फिरवल्यावर कुठे लागते, ते बघा. आणि एक गोष्ट जी चार्ट सांगत नाही: छापलेला तुकडा घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी उलगडताना शाई मागच्या बाजूला चिकटली असेल किंवा घडीवर तडकली असेल, तर मर्यादा जास्त आहे. फ्लेक्सचा माल रोल करूनच जातो, त्यामुळे ही परीक्षा चुकवू नका.

लिनियरायझेशन केल्याने नक्की काय फरक पडतो?

मजेंटा ५० टक्के मागितला की पन्नासच्या योग्यतेचा दिसावा, एवढेच. पण मशीन आपणहून तसे करत नाही. थेंब पसरतो, शेजारच्या थेंबाला भिडतो, आणि ५० टक्क्यांचा मजेंटा ६५ ते ७० टक्क्यांसारखा दिसतो. लिनियरायझेशनमध्ये प्रत्येक रंगाची पट्टी मोजून रिप एक वक्ररेषा तयार करते आणि हा फुगवटा काढून टाकते.

याचे सगळ्यात चांगले उदाहरण आपल्याकडे रोज छापले जाते: भगवा. शिवजयंती, गणपती, आषाढी वारी, निवडणुका, वर्षभर भगव्याचे काम असते आणि "भगवा लाल आला" ही तक्रारही वर्षभर असते. भगव्यात पिवळा जवळजवळ पूर्ण असतो आणि मजेंटा साधारण मधल्या पट्ट्यात, ५० ते ६५ टक्के. पिवळा पूर्ण भरलेला असल्यामुळे तो थोडा कमी-जास्त झाला तरी डोळ्याला कळत नाही. मजेंटा मात्र नेमका अशा जागी आहे जिथे थेंबाचा फुगवटा सर्वात जास्त असतो. तो थोडा वाढला की भगव्याचा शेंदरी, शेंदरीचा लाल. म्हणजे भगवा बिघडला की शंभरातल्या बहुतेक वेळा मजेंटाचा मधला भाग हललेला असतो.

यावर ऑपरेटर काय करतो? कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन मजेंटा ६० चा ४५ करतो. त्या दिवशीचे काम सुटते. पण ती फाइल आता फक्त त्या मशीनची, त्या दिवसाची फाइल झाली. हेड साफ केल्यावर किंवा दुसऱ्या मशीनवर तीच फाइल टाकली की भगवा पिवळा पडतो. मशीनचा दोष मशीनमध्येच दुरुस्त करा, फाइलमध्ये कधीही नाही. या पानावरचे एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

लिनियरायझेशन झाले, तरी भगवा स्क्रीनसारखा झळकत नाही. का?

कारण स्क्रीन प्रकाश टाकते आणि शाई प्रकाश शोषते. आरजीबीमधला २५५, १०२, ० असा तेजस्वी केशरी चार रंगांच्या बहुतेक मशीनच्या आवाक्याबाहेर असतो. काही मशीनमध्ये ऑरेंज शाईचा वेगळा हेड असतो, तिथे फरक स्पष्ट दिसतो. चार रंगांत काम करायचे असेल तर आपल्या मशीनवर मिळणाऱ्या सर्वात चांगल्या भगव्याचा नमुना छापून काउंटरवर लावा आणि ग्राहकाला तोच दाखवून रंग ठरवा.

प्रोफाइलसाठी किती चौकटींचा चार्ट घ्यावा?

सीएमवायकेसाठी (म्हणजे चार शाईंसाठी) आयटी ८.७/४ हा प्रमाण चार्ट आहे, त्यात १६१७ चौकटी असतात. फाइन आर्ट किंवा प्रूफिंग (दुसऱ्या छपाईची नक्कल करून दाखवणे) करत असाल तर तो घ्या. फ्लेक्सच्या कामाला रिपमधला आठशे-हजार चौकटींचा चार्ट पुरतो. चौकटी वाढवून अचूकता वाढते, पण मशीन रोज हलत असेल तर त्या अचूकतेचा उपयोग नाही.

छापल्यानंतर लगेच मोजू नका. सॉल्व्हंट उडून जाईपर्यंत रंग बदलत राहतो. शक्य असेल तर चार्ट रात्रभर उघडा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोजा.

कोणता स्पेक्ट्रो (रंग मोजणारे यंत्र) घ्यावा?

हातात धरून ओढायचा आय१ प्रो हा आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारा. गुळगुळीत व्हिनाइल आणि फ्लेक्ससाठी तो चांगला. कॅनव्हास, कापड आणि खरबरीत माध्यमावर मात्र छोट्या छिद्राने मोजले की दोऱ्यांच्या सावल्यांचा गोंधळ होतो. तिथे मोठे छिद्र लागते. आय१ प्रो ३ प्लसचे छिद्र ८ मिलिमीटरचे आहे, आणि बार्बिएरीची यंत्रे खास मोठ्या प्रिंटरसाठीच बनवलेली असतात. एचपीच्या डिझाइनजेट झेड आणि काही लेटेक्स मशीनमध्ये मोजणारे यंत्र आतच बसवलेले असते. असे मशीन असेल तर ती सोय वापरा. अनेक दुकानांत ती वर्षानुवर्षे बंद पडून असते.

मोजताना एम०, एम१, एम२ असे मोजणीच्या प्रकाशाचे पर्याय दिसतात. फ्लेक्स आणि कागद पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घातलेली असतात. ती अतिनील किरणांत निळसर चमकतात, आणि यंत्राला वाटते की पांढरा निळा आहे. मग प्रोफाइल त्यावर पिवळा टाकून भरपाई करते आणि फिकट छटा, चेहरे, पांढऱ्याजवळचे भाग पिवळट दिसतात. असे झाले तर एम२ मध्ये मोजून बघा, त्यात अतिनील भाग वगळलेला असतो. काहीही निवडा, पण लिनियरायझेशन, प्रोफाइल आणि तपासणी तिन्ही एकाच पद्धतीने मोजा.

स्पेक्ट्रो परवडत नाही. मग काहीच होणार नाही का?

बरेच होते. मशीनची सगळी तपासणी फुकट आहे. इंक लिमिट डोळ्याने ठरवता येते. त्यानंतर चारही रंगांच्या पट्ट्या, एक राखाडी पट्टी, दोन-तीन चेहरे आणि तुमचा भगवा असे एक छोटे पान बनवा. मशीन सर्वात चांगले चालते त्या दिवशी ते छापा आणि अंधाऱ्या कपाटात जपून ठेवा. पुढे दर आठवड्याला तेच पान छापून शेजारी ठेवा. रंग कधी आणि कोणत्या बाजूला हलला ते लगेच दिसेल.

मोजायला स्पेक्ट्रो कुणाकडून एक दिवस भाड्याने मिळाला तरी काम होते. प्रोफाइल बनवायला आर्गिल हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते शिकायला वेळ लागतो, कारण सगळे आज्ञा टाइप करून करावे लागते, पण त्याचे प्रोफाइल उत्तम येते.

रिपमध्ये इनपुट प्रोफाइल आणि आउटपुट प्रोफाइल असे दोन असतात. कुठे काय टाकायचे?

आउटपुट प्रोफाइल तुमच्या मशीनचे: हे मशीन, ही शाई, हा रोल, हे पास. इनपुट प्रोफाइल फाइलचे: ही फाइल कोणत्या रंगभाषेत बनली आहे. आरजीबी फोटोसाठी सहसा एसआरजीबी. सीएमवायके फाइलसाठी ती ज्या सेटिंगमध्ये बनली ते. फोटोशॉपच्या अमेरिकी सेटिंगमध्ये स्वॉप व्ही२ असते, युरोपीय सेटिंगमध्ये फोग्रा३९. आपल्याकडे कोरलमधून निघणाऱ्या बहुतेक टिफ फाइलमध्ये प्रोफाइल जोडलेलेच नसते. अशा वेळी रिप स्वतःच्या मनाने एक धरते. म्हणून दुकानात एकच ठरवा, कोरल, फोटोशॉप आणि रिप तिन्हीकडे तेच लावा, आणि एक्सपोर्ट करताना प्रोफाइल जोडण्याची खूण करा.

सर्वात महागडी चूक म्हणजे दोनदा रूपांतर: फोटोशॉपमध्ये फाइल मशीनच्या प्रोफाइलमध्ये बदलायची आणि रिपमध्ये पुन्हा तेच आउटपुट लावायचे. रंग मळकट, जड येतात आणि कारण सापडत नाही. मशीनचे प्रोफाइल फक्त रिपमध्ये राहू द्या.

एक सूचना चार्ट छापतानाची: तेव्हा रंग व्यवस्थापन पूर्ण बंद हवे. ते चालू ठेवून काढलेले प्रोफाइल टाकून द्या.

रेंडरिंग इंटेंट कोणता ठेवावा?

रेंडरिंग इंटेंट म्हणजे फाइलमधले रंग मशीनच्या आवाक्यात कसे बसवायचे याची पद्धत. फोटोसाठी परसेप्च्युअल किंवा ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (सर्वात गडद काळा जुळवणे) लावून रिलेटिव्ह. लोगो आणि सपाट रंगासाठी रिलेटिव्ह. दुसऱ्या छपाईची नक्कल करून दाखवायची असेल, म्हणजे प्रूफ, तरच अ‍ॅब्सोल्यूट. रोजच्या कामात अ‍ॅब्सोल्यूट लावले की पांढऱ्या जागेतही हलका रंग पडतो आणि फ्लेक्स मळका दिसतो.

चेहरे कधी हिरवट, कधी गुलाबी येतात.

वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा हिरवट आला की काम परत येते, हे सगळ्यांना माहीत आहे. चेहऱ्याच्या रंगात पिवळा आणि मजेंटा जवळजवळ सारखे आणि थोडा सायन असतो. तो थोडासा सायन वाढला की चेहरा आजारी दिसतो. चेहऱ्याकडे बघून दुरुस्ती करू नका. आधी राखाडी बघा. सायन, मजेंटा, पिवळा या तिघांनी मिळून बनलेली राखाडी पट्टी छापा. ऑफसेटमध्ये ५० टक्के सायन, ४० मजेंटा, ४० पिवळा मिळून साधारण तटस्थ राखाडी धरतात. तुमच्या प्रोफाइलमधून गेल्यावर ही राखाडी कोणत्या बाजूला झुकते ते बघा. राखाडी सरळ असेल आणि तरी चेहरा हिरवट असेल, तर फोटोच तसा आहे. मग फोटो दुरुस्त करा, तिथे ते योग्य आहे.

काळा कसा बनवायचा?

छोटी अक्षरे फक्त १०० टक्के के (काळी शाई). मोठे काळे भाग फक्त के ने राखाडी आणि पट्ट्यांचे दिसतात, त्यात ४०-५० टक्के सायन आणि थोडा मजेंटा, पिवळा घाला. चारही रंग शंभर करू नका.

डेल्टा ई किती आला की काम बरोबर?

डेल्टा ई म्हणजे मागितलेल्या आणि आलेल्या रंगातले अंतर. डेल्टा ई २००० या सूत्राने १ च्या आसपासचा फरक दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. प्रूफिंग करणाऱ्यांसाठी आयएसओ १२६४७-७ मध्ये काटेकोर मर्यादा आहेत आणि ७२ चौकटींची फोग्रा मीडिया वेज ही पट्टी मोजून ती तपासणी होते. चौकात तीस फुटांवरून बघायच्या होर्डिंगला सरासरी ३-४ आला तरी मी समाधानी असतो. पण सरासरीवर भरवसा ठेवू नका, सर्वात वाईट चौकट कोणती ते बघा. सरासरी २ आणि भगव्याचा ८ असेल, तर तुमच्या गावात ते मशीन नापास आहे.

पुन्हा कधी करायचे?

हेड बदलले, शाईची कंपनी बदलली, वेगळा रोल आला, पास किंवा रिझोल्यूशन बदलले, तर त्या जोडीसाठी नव्याने. तीच शाई आणि तोच रोल असेल तर आठवड्याला एकदा लिनियरायझेशन पुरते, प्रोफाइल तसेच राहते. क्रम पाळण्याचा फायदा हाच आहे: वीस मिनिटांच्या कामात मशीन मूळ स्थितीवर येते.

ऋतूचा परिणाम खरा आहे. उन्हाळ्यात विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शाई पातळ होते आणि थेंब मोठा पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात कॅनव्हास आणि पाण्याच्या शाईचे कागद दमट होतात, शाई पसरते. मे आणि जुलैमध्ये एकदा तरी नव्याने मोजा. मशीनच्या खोलीत एसी असेल तर तो रात्री बंद करून सकाळी लगेच रंगाचे काम घेऊ नका.

एकाच होर्डिंगचे दोन तुकडे वेगळ्या रंगाचे येतात.

४० बाय २० फुटांचे होर्डिंग दहा फुटी मशीनवर दोन तुकड्यांत निघते, आणि जोडावर आकाशाची छटा तुटली की लांबूनही दिसते. दोन्ही तुकडे एकाच मशीनवर, एकाच रोलवर, मध्ये दुसरे काम न घेता छापा. मधे हेड साफ करावे लागलेच तर पहिला तुकडाही पुन्हा काढायची तयारी ठेवा. घाई आहे म्हणून दोन मशीनवर एकेक तुकडा टाकायचा असेल, तर दोन्ही मशीन आधी एकाच लक्ष्यावर आणलेली हवीत, आणि ते लक्ष्य दोघांपैकी कमी ताकदीच्या मशीनचे असावे. चांगले मशीन खाली आणता येते, कमजोर मशीन वर नेता येत नाही.

बॅकलिटला फ्रंटलिटचेच प्रोफाइल चालेल का?

नाही. मागून दिवा लागला की शाईची घनता अर्धी दिसते, म्हणून बॅकलिटला जास्त शाई लागते आणि मोजणीही प्रकाश आरपार जाऊ देऊन करावी लागते. तसे मोजणारे यंत्र नसेल तर दिव्याची पेटी ठेवा आणि पट्ट्या तिच्यावर बघून इंक लिमिट वेगळी ठरवा. दिवा लावून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे बघा, कारण दिवसा तोच बोर्ड बिनदिव्याचा दिसतो.

ग्राहक मोबाइल शेजारी धरून म्हणतो, रंग वेगळा आहे.

प्रत्येक मोबाइल वेगळा, त्यावर रात्रीचा पिवळा मोड चालू, वरून दुकानातली ट्यूब. आयएसओ ३६६४ मध्ये नमुना तपासण्यासाठी ५००० केल्विनचा डी५० प्रकाश सांगितला आहे. तसा दिवा एका टेबलावर लावा. तो नसेल तर दिवसाउजेडी, थेट उन्हात नाही, सावलीत नमुना दाखवा. महत्त्वाच्या कामाला एक फुटाचा तुकडा त्याच रोलवर छापून त्यावर सही घ्या.

कंपनीने पँटोन नंबर दिलाय.

पँटोन म्हणजे नंबर दिलेल्या ठरीव रंगांची पद्धत. रिपच्या स्पॉट (ठरीव) रंगांच्या यादीत तो नंबर शोधा. फाइलमध्ये रंगाचे नाव तंतोतंत तेच हवे, आणि फाइल पीडीएफ असावी, टिफ केली की नाव निघून जाते. २०२२ च्या अखेरीपासून अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनची बरीच पुस्तके काढली गेली, त्यामुळे डिझायनरकडून येणाऱ्या फाइलमध्ये नाव राहिले आहे का ते तपासा. छापील शेड कार्ड जवळ असेल आणि स्पेक्ट्रो असेल तर थेट कार्ड मोजून लॅब किंमत (रंगाचे मोजलेले आकडे) रिपमध्ये भरा. नंबर मशीनच्या आवाक्याबाहेरचा असेल तर ते ग्राहकाला छापण्याआधी सांगा.

लॅमिनेशन केल्यावर रंग बदलतो, तो कसा धरायचा?

ग्लॉसीने काळा खोल होतो आणि रंग भरतात, मॅटने काळा राखाडीकडे जातो. ज्या कामावर नेहमी लॅमिनेशन होते, उदाहरणार्थ गाडीचे ब्रँडिंग, त्यासाठी चार्टवर लॅमिनेशन करून मगच मोजा आणि ते प्रोफाइल वेगळ्या नावाने ठेवा. छापल्यावर किमान २४ तास थांबून लॅमिनेट करा. आत सॉल्व्हंट कोंडला तर गोंद सुटतो आणि व्हिनाइलच्या कडा वळतात.